माळ्यावरच्या खोक्यांबद्दल

नागपूर,
28 मे

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन केला तेव्हा तू विचारलंस, "माळ्यावरच्या खोक्यांचं काय केलंस? दे ना रद्दीवाल्याला एकदाची." मी "बघते" म्हणाले आणि संत्रा बर्फी कुणाकडून पाठवायची यावर बोलत सुटले. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज कागद घेतला. बाहेर 45 अंश आहे, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्यात, बाबा घोरताहेत. एप्रिलात तुझ्याकडे मी स्वेटर घालून फिरत होते असं सांगितलं की शेजारच्या काकू हसतात.

त्या दिवशी तुझ्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात, बॉडलियनमध्ये, तू माझ्यावर वैतागला होतास, ते मला कळत होतं. "आई, गाईड पुढे गेली," असं तीनदा म्हणालास. खालच्या डिव्हिनिटी स्कूल नावाच्या जुन्या दालनात तुझं लक्ष सिनेमाचं शूटिंग कुठे झालं याकडे, माझी मान वर. छतात कोरलेले 455 दगडी गोंडे आहेत म्हणे. मी मोजायला लागले आणि साठाच्या आसपास चुकले. 1420च्या दशकात सुरू झालेलं ते काम 1480च्या दशकात संपलं, कारण मधेमधे पैसे संपत. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडचे उड्डाणपूल उगाच बदनाम आहेत. आणि आपलं नागपूर विद्यापीठ 1923चं, म्हणजे त्या दालनाहून जवळपास पाचशे वर्षांनी धाकटं!

खरी मी अडकले ती वरच्या मजल्यावर. ड्यूक हंफ्रेनं विद्यापीठाला 280च्या वर हस्तलिखितं दिली आणि ती ठेवायला विद्यापीठानं ही खोली बांधली. 1488मध्ये ती उघडली आणि पासष्टेक वर्षांत ओकीबोकी झाली. धर्म बदलला, जुन्या श्रद्धेची पुस्तकं नकोशी झाली, 1550च्या सुमारास ती काढून टाकली. पुस्तकंच नाहीत म्हटल्यावर फळ्या आणि बाकं कशाला, म्हणून 1556मध्ये तीही विकली. पुढची चाळीसेक वर्षं ती नुसती खोली होती.

मग थॉमस बॉडली आला. वकिलातीतली नोकरी सोडून घरी बसलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. बायको श्रीमंत विधवा, आणि तिच्या पहिल्या नवऱ्याचा पैसा मासळीच्या व्यापारातला! (आपल्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात शिजतं, म्हणून तिथे मी तुला कोपरानं ढोसलं होतं.) 1598मध्ये त्यानं विद्यापीठाला कळवलं की ही खोली मी पुन्हा उभी करतो, आणि 1602मध्ये ती उघडली. 1610मध्ये त्यानं लंडनच्या छापखानेवाल्यांशी करार केला, की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इकडे यायची. आपल्याकडे असा कायदा व्हायला 1954 उजाडलं. त्यानुसार प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पुस्तक पाठवावं लागतं, मुंबई, चेन्नई, दिल्लीलाही. किती जण पाठवतात, हा प्रश्न मला विचारू नकोस.

त्या काळी तिथली पुस्तकं साखळीनं बांधलेली असत. साखळी पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला, त्यामुळे पुस्तकाचा कणा आत आणि पानांची कड बाहेर. म्हणजे आपण लावतो त्याच्या बरोब्बर उलट. मी गाईडला विचारलं, मग नाव कुठून वाचायचं? ती खुलली. तू मात्र घड्याळ बघितलंस.

आणि ती शपथ. तू पहिल्या आठवड्यात घेतली होतीस आणि फोनवर हसत सांगितलं होतंस, "आई, मी पुस्तकालयात आग लावणार नाही असं वचन दिलंय." तिथे उभं राहिल्यावर ते हसण्यासारखं वाटलं नाही. उघडल्यापासून दोनशेहून जास्त वर्षं त्या थंडीत शेगडी नाही, मेणबत्ती नाही. उजेड संपला की वाचन संपलं. 1645मध्ये खुद्द राजा चार्ल्सनं एक पुस्तक मागवलं, तर ग्रंथपालानं नियम दाखवला की पुस्तक बाहेर जात नाही, आणि राजानं ऐकलं. आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटीही लिहिलेलं असतंच: "तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्". तेल, पाणी, ढिली बांधणी, आणि पुढे मूर्खाचा हात. त्यांना भीती विस्तवाची, आपल्याला तेलाची. माझ्या नोकरीत मला भीती असायची कूलरची. उन्हाळ्यात वाचनकक्षात तो लावला की कपाटांच्या मागच्या भिंतीला ओल धरायची.

पण मी दहा मिनिटं गप्प झाले ती यातल्या कशानं नाही. "काय झालं?" म्हणून तू विचारलंस आणि मी पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय दुखत नव्हते.

गाईडनं शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहाची गोष्ट सांगितली, आठवते? 1623चा तो ग्रंथ बॉडलियनमध्ये होता. 1664ची नवी आवृत्ती आली, म्हणून जुनी प्रत जादा ठरवून विकून टाकली. 1905मध्ये एक विद्यार्थी घरातलं जुनं पुस्तक दाखवायला घेऊन आला, आणि तिथल्या माणसांनी बांधणीवरून आपलंच पुस्तक ओळखलं. मग 1906मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा करून तीन हजार पौंडांना ते परत घेतलं. सगळे हसले. तूही.

मी ज्या कॉलेजात होते तिथे एका वर्षी पाहणी समिती यायची होती. संगणकांसाठी जागा हवी होती. दहा वर्षांत एकदाही इश्यू न झालेल्या पुस्तकांची यादी काढा, असा निरोप आला. यादी मी काढली. दाखल क्रमांक टाकले, निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तकं नोंदीतून कमी करण्याच्या, कागदावर सही केली. विरोध केला असं तुला सांगायला मला आवडलं असतं, पण मी तेव्हा एवढंच म्हणाले की रद्दीचा भाव जरा बघून घ्या. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळातले अहवाल होते, संस्कृत टीका होत्या, कुणाकुणाच्या आजोबांनी दिलेली पुस्तकं होती, आत "सप्रेम भेट" लिहिलेली. टेम्पो भरला तेव्हा मी डबा खात होते.

तीनेक वर्षांनी आर्वीकडचा एक मुलगा आला, जुन्या जमीन महसुलावर काम करणारा. कार्डांचा खण त्यानं स्वतःच उघडला आणि खूश होऊन कार्ड घेऊन आला, "आहे ना मॅडम!" कार्ड काढायचं राहून गेलं होतं. माझ्याच अक्षरातलं. त्याला मी बर्डीवरच्या एका वाचनालयाचा पत्ता दिला. तिथे मिळालं की नाही, ते सांगायला तो आला नाही. बाबांनाही हे मी कधी बोलले नाही.

त्यांना जवळपास अडीचशे वर्षांनी का होईना, पुस्तक दारात चालत आलं.

तर खोक्यांचं. मी काही वेडी झालेली नाही. तीन खाली उतरवली. तुझी दहावी-बारावीची सगळी गाईडं, प्रॅक्टिकलच्या जर्नली आणि त्या क्लासच्या झेरॉक्स रद्दीवाल्याला दिल्या, एकशे चाळीस रुपये आले. ॲटलास, आजोबांची ज्ञानेश्वरी आणि तुला बक्षीस मिळालेली पुस्तकं पुसून, कडुनिंबाचा पाला घालून मधल्या खोलीत ठेवली आहेत. कसर फक्त ॲटलासला लागली होती, तीही समुद्रातच.

चौथं खोकं तसंच आहे. त्यावर तुझ्या आठवीतल्या अक्षरात लिहिलंय, "कोणीही हात लावू नये. आईने पण." माळ्याचा तो कोपरा मागच्या पावसात गळला होता आणि मृग आठ-दहा दिवसांवर आलाय. उघडू का, ते लवकर कळव.

तुझी,
आई