ताईच्या छातीतला 'चित्रा' : डॉ. वलियाथन यांना अनावृत पत्र

आदरणीय डॉ. वलियाथन सर,

सा. न. वि. वि.

17 जुलै 2024 रोजी मणिपालला तुम्ही गेलात. वयाची नव्वद वर्षं पुरी करून गेलात, तरी आमच्या घरी ती बातमी घरातलंच माणूस गेल्यासारखी वाचली गेली. तुमची आमची कधी भेट नाही. तुम्हाला इचलकरंजी ठाऊक असायचं कारण नाही, आणि आमच्यापैकी कुणी तिरुवनंतपुरम पाहिलेलं नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीच्या हृदयात तिथे तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी घडवलेला 'चित्रा' हा कृत्रिम व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, आहे. देशात लाखाहून जास्त माणसांना तो बसला, आणि त्यातल्या बहुतेकांना तुमचं नावही माहीत नाही. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी ताईचं सांगते. शाळेत असताना तिचा घसा दुखला, ताप आला, मग गुडघे सुजले, ते उतरले आणि घोटे सुजले. वाढीचं वय आहे, असं सगळ्यांनी म्हटलं. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटतं, आणि ते नुकसान कळायला पुढे कित्येक वर्षं जातात. मी आता कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, तेव्हा हा धडा आला की जरा जास्तच वेळ घेते. दाटीवाटीच्या, ओल धरलेल्या घरांत हा आजार जास्त आढळतो आणि ऐन उमेदीतल्या पोरीबाळींना गाठतो. श्रीमंत देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला, त्यामुळे तिथल्या कंपन्यांना आमच्यासाठी स्वस्त व्हॉल्व्ह बनवायची घाई कधीच नव्हती.

लग्नानंतर ताईला पाण्याची कळशी घेऊन चार पायऱ्या चढवेनात. रात्री उशाला दोन-तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायची. हृदयाची इको तपासणी झाली, डाव्या बाजूची मायट्रल झडप पार आखडलेली निघाली. सर्जननी केसपेपरच्या मागे दोन नावं लिहिली, त्यापुढे दोन आकडे. वरचं नाव परदेशी व्हॉल्व्हचं, खालचं 'चित्रा'. बाबा यंत्रमागावर काम करायचे. दोन्ही आकड्यांमध्ये त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराचं अंतर होतं. त्यांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, देशी घेतला तर पोरीला कमी पडणार नाही ना?" सर्जन म्हणाले, "माझ्या घरातलं कुणी असतं तरी मी हाच बसवला असता." बाबांनी तिथेच सही केली.

त्या एका वाक्यामागे तुमची किती वर्षं आहेत, हे मला पुढे वाचून समजलं.

तुम्ही केरळातल्या मावेलिकराचे. 1951 मध्ये तिरुवनंतपुरमचं मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हाच्या पहिल्या तुकडीतले. पुढे इंग्लंडात शस्त्रक्रियेचं शिक्षण, एफआरसीएस ही तिथली शल्यविशारदांची पदवी, आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स आणि जॉर्जटाउन. तिथे तुम्हाला चार्ल्स हफनागेल भेटले. 1952 मध्ये माणसाच्या महाधमनीत पहिल्यांदा कृत्रिम झडप बसवणारे तेच. इतकं शिकलेल्या हृदय-शल्यविशारदाला तिकडे काय कमी होतं? तरी तुम्ही परत आलात. केरळचे तेव्हाचे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन यांच्या सरकारने तिरुवनंतपुरममध्ये त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेली एक इमारत तुमच्या हवाली केली. नुसतं इस्पितळ चालवलं असतं तरी लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही मात्र इस्पितळाच्या जोडीला पूजाप्पुरातल्या सॅटेलमंड पॅलेसमध्ये प्रयोगशाळा आणि कारखाना थाटलात. राजवाड्याच्या दालनांत धातुशास्त्र, रसायनशास्त्र आणि यंत्र अभियांत्रिकीची माणसं आणून बसवलीत. 1980 मध्ये संसदेने कायदा करून तुमच्या या श्री चित्रा तिरुनाल संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला, आणि ती आरोग्य खात्याकडे न जाता विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडे गेली. कागदावर हा तपशील लहान दिसतो. माझ्या मते सगळं त्यातच आलं. डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच छताखाली, एकाच संचालकाच्या हाताखाली, एकाच रुग्णासाठी काम करतील, याची सोय त्या कायद्याने झाली.

व्हॉल्व्हचं काम सोपं नव्हतं. हृदय वर्षाला सुमारे 4 कोटी वेळा आकुंचन पावतं. तितक्या वेळा कृत्रिम झडपेतली चकती उघडायची, मिटायची. झिजायची नाही, तुटायची नाही, रक्ताच्या गुठळ्या धरायच्या नाहीत, रक्तपेशी चिरडायच्या नाहीत. अभियंते जी. एस. भुवनेश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर तुम्ही केलेली पहिली तीन रूपं बाद झाली. कधी जोडाने दगा दिला, कधी धातू झिजला. एकात कृत्रिम नीलमाची चकती वापरली होती, ती चाचणीत मेंढीच्या हृदयात फुटली. ते वाचताना मी पुस्तक मिटून उठले होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत तीनदा अपयश आलं की प्रश्न विचारणारे किती उभे राहतात, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. परदेशी व्हॉल्व्ह आयात करायचं सोडून हा उद्योग कशाला, असं म्हणणं अगदी सोपं होतं. संचालकाच्या खुर्चीत तुम्ही होता म्हणून चौथं रूप झालं.

चौथ्या रूपाचा पिंजरा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या एकसंध तुकड्यातून कोरून काढलेला, म्हणजे जोडच नको. चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे एका चिवट प्लास्टिकची, कडेला टाके घालायला पॉलिएस्टरची शिवण-कड. चकती उघडता-मिटता स्वतःभोवती हळूहळू फिरते, त्यामुळे एकाच जागी झीज होत नाही. 6 डिसेंबर 1990 रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. प्लास्टिकची चकती असल्यामुळे तिचा आवाजही मऊ येतो. कठीण चकतीचे व्हॉल्व्ह बसवलेल्या काही रुग्णांना रात्री स्वतःच्याच छातीतल्या टकटकीने झोप लागत नाही, असं ऐकलंय. ताईच्या छातीला कान लावला तर कुणीतरी लांबवर बोटाच्या पेराने टेबल वाजवतंय इतकंच ऐकू येतं. ताई म्हणते, तिला तर तेही जाणवत नाही.

पुढचं पाऊल मला सगळ्यात मोठं वाटतं. व्हॉल्व्ह तयार झाला की शोधनिबंध लिहून, पदक घेऊन मोकळं होता आलं असतं. तुम्ही तो टीटीके उद्योगसमूहाकडे उत्पादनाला दिलात. रक्ताच्या पिशव्यांचंही तेच. त्याआधी आपल्याकडे रक्त काचेच्या बाटल्यांत गोळा होत असे. संस्थेने पिशवीचं तंत्र विकसित केलं, पेनिन्सुला पॉलिमर्स या कंपनीकडे सोपवलं, आणि आज ती कंपनी टेरुमो पेनपोल म्हणून चालते. प्रयोगशाळेतली वस्तू बाजारात सुखरूप पोहोचवणं हे संशोधनाइतकंच अवघड काम आहे, आणि त्याला टाळ्या फार कमी मिळतात. तुमच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांनी तुमच्या टेबलावरची माणसं वाचली असतील. ताई तुमच्या टेबलावर कधीच नव्हती. तिला वाचवलं ते तुम्ही मागे ठेवलेल्या व्यवस्थेने, आणि मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः याचे.

व्हॉल्व्ह हे तुमचं सगळं काम नव्हतं, हेही लोकांना कळायला हवं. केरळात गरीब घरांतल्या मुलांना एक विचित्र हृदयविकार होत असे, एन्डोमायोकार्डियल फायब्रोसिस. हृदयाच्या आतल्या अस्तरावर जाड, चिवट थर धरतो आणि हृदयाला पुरतं पसरता येत नाही. तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मातीकडे पाहिलंत. केरळच्या किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट आहे, त्यात सेरियमसारखी मूलद्रव्यं आहेत. अन्नातून शरीरात जाणारं सेरियम आणि जोडीला मॅग्नेशियमची कमतरता, या दोहोंचा या विकाराशी संबंध असावा, असं तुम्ही मांडलंत. तो अखेरचा शब्द ठरला नाही. पण रुग्णाच्या हृदयावरून नजर उचलून त्याच्या जेवणाच्या ताटाकडे आणि पायाखालच्या जमिनीकडे नेणारा शल्यविशारद किती वेळा भेटतो?

साठीच्या सुमारास तुम्ही तिरुवनंतपुरम सोडलंत आणि मणिपालच्या अभिमत विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालात. स्वतः उभी केलेली संस्था वेळेवर दुसऱ्यांच्या हाती देऊन बाहेर पडणं आपल्याकडे फारसं घडत नाही. खुर्चीत मुरलेली माणसं आपण रोज पाहतो. तुम्ही तिथून बाहेर पडल्यावरही श्री चित्रा संस्था चालत राहिली, नवी उपकरणं घडवत राहिली. तुम्ही ती कशी बांधली होती हे त्यावरून दिसतं.

कुलगुरूपद संपल्यावर तर तुम्ही विद्यार्थीच झालात. आयुर्वेदाचे पंडित राघवन तिरुमुलपाड यांच्याकडे बसून चरकसंहिता शिकलात, मग चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर एकेक ग्रंथ लिहिलात. इथे मला दोन शब्द आवर्जून लिहायचे आहेत, कारण आमच्या महाराष्ट्रात या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एकाला आयुर्वेदात सगळंच सापडतं, दुसऱ्याला त्यात काहीच दिसत नाही. तुम्ही तिसरीकडून आलात. संहिता मुळापासून वाचायच्या, आणि त्यातल्या कल्पना आजच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यायच्या. तुमच्या पुढाकाराने बनारसला प्रा. लखोटिया यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर आमलकी रसायन आणि रससिंदूर ही आयुर्वेदिक औषधं तपासली गेली. आयुर्वेदातली वात-पित्त-कफ प्रकृती आणि जनुकं यांचा मेळ पाहणाऱ्या 2015 च्या अभ्यासात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेबरोबर पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धनही होते, आणि त्या निबंधावर तुमचं नाव आहे. त्या निष्कर्षांवर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. वाद घालायला आकडे समोर आले, ही तुमची देणगी. माझ्या वर्गात आयुर्वेदावरून मुलांची जुंपली की मी तुमचंच उदाहरण देते.

ताई आता पन्नाशीकडे झुकलीय. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घेते. महिन्याला रक्त तपासून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, बघायचा, पालक-मेथी एकदम भरपूर खायची नाही, दात काढायचा झाला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय, त्यावर तारीख, आकडा आणि गोळीचा डोस. भाजी फोडणीला टाकता टाकता बघून घेते. तीच आता गल्लीतल्या बायकांना सांगते, पोराचा घसा दुखून सांधे सुजले तर घरी बसवू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा, दर तीन आठवड्यांचं पेनिसिलीनचं इंजेक्शन चुकवू नका. दोघी-तिघींच्या मुलांना ती स्वतः घेऊन गेलीय. व्हॉल्व्हपर्यंत वेळच येऊ नये, असं तिचं म्हणणं. तुम्हालाही ते पटलं असतं असं वाटतं, कारण तुमच्याच संस्थेत पुढे सार्वजनिक आरोग्याचं केंद्र उभं राहिलं आणि त्याला अच्युत मेनन यांचंच नाव मिळालं.

माझ्या बारावीच्या वर्गातली एक मुलगी यंदा बायोमेडिकल इंजिनिअरिंगला गेली. तिचे वडील आधी 'यात नोकरी कुठली' म्हणत होते. मी त्यांना ताईच्या घरी नेलं, केसपेपर दाखवला, व्हॉल्व्ह कोणी बनवला ते सांगितलं. फॉर्म त्याच आठवड्यात भरला गेला.

सर, तुमच्याबरोबर मेंढ्यांची राखण करणाऱ्यांपासून लेथवर पिंजरा कोरणाऱ्यांपर्यंत जे जे होते, त्या सगळ्यांना आमच्या घराचा नमस्कार. हे पत्र वाचून त्यांच्यापैकी कुणाला इकडे यावंसं वाटलं तर जरूर यावं. ताईने सांगितलंय, जेवायला भाकरी आणि तांबडा रस्सा असेल, आणि शाकाहारी असाल तर झुणका.

आपली ऋणी,
एका रुग्णाची धाकटी बहीण
इचलकरंजी