कळलं का गं?

बंगलोर, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आई आणि बाबा,

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर बोलायला गेलं की बाबा दोन मिनिटांत "बरं ठेवतो, तुझं काम असेल" म्हणतात, आई मागून "जेवलीस का" विचारते आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून सरळ टाइप करतेय. प्रिंट काढून कुरियरनं पाठवते, मोबाईलवर डोळे बारीक करून वाचू नका.

तर परवा आई सांगत होती की बाबांनी वहीत धर्मेंद्रचं नाव लिहिलं आणि मग खोडलं. ती हसत होती, मी पण हसले. ११ तारखेला सकाळी टीव्हीवाल्यांनी बातमी देऊनच टाकली होती ना, मग घरच्यांनी सांगितलं की अहो आहेत ते, ट्रीटमेंट चालू आहे. बाबा, तुमचा मला आधी फोन आला, "कळलं का गं? धर्मेंद्र गेला." आणि मग परत एक, "नाही गेला." एवढंच बोललात, पण आवाज असा की जणू बँकेत असताना राहिलेलं प्रमोशन आता मिळालंय.

मागच्या वर्षी झाकीरभाईंच्या वेळी नेमकं उलटं झालं होतं. १५ डिसेंबर, रविवारची रात्र, पहिला फोन "गेले", मग "अगं थांब, नाही म्हणतायत, अजून आहेत", आणि सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघताना तिसरा. त्या तिसऱ्या फोनला तुम्ही "कळलं का" म्हणालाच नाहीत, नुसते "हं" म्हणालात. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत माणूस जातो आणि इकडे सांगलीत आमचे बाबा रात्रभर टीव्हीची पट्टी वाचत बसतात. ७३ हे काही जायचं वय नाही असं तुम्ही तेव्हा दोनदा म्हणालात. मी तेव्हा ते झाकीरभाईंबद्दलच समजले. लहानपणी चहाच्या जाहिरातीतले त्यांचे ते उडणारे केस बघून मी बिस्किटाचा डबा बडवायचे आणि तुम्ही "वाह उस्ताद" म्हणायचात, मला तेवढेच झाकीर माहीत होते. ते माहीमचे, अल्लारखांचे चिरंजीव, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत एका रात्रीत तीन ग्रॅमी घेऊन आले होते वगैरे सगळं मी त्या सोमवारी बसमध्ये वाचलं.

मला आठवतंय त्याप्रमाणे हे फोन सुरू झाले लतादीदींपासून. ६ फेब्रुवारी २०२२, तोपण रविवारच. आदल्या दिवशी वसंत पंचमी होती, आणि तुम्ही म्हणालात की सरस्वतीचं विसर्जन झालं. पुढे दिवसभर सगळ्यांनी सगळ्यांना तेच फॉरवर्ड केलं, पण मी ते पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकलं म्हणून माझ्यासाठी ते तुमचंच. मग मास्टर दीनानाथांचं सांगलीतलं घर, त्यांची बलवंत नाटक कंपनी, लताबाईंचं लहानपण आपल्या गावात गेलं, आशाबाई तर जन्मल्याच सांगलीत, हे सगळं असं सांगितलंत की आपलं मंगेशकरांकडे रोजचं जाणंयेणं होतं. खरं तर सांगलीत प्रत्येकाच्या घरी हे असंच सांगतात.

पण आई, मला सगळ्यात लक्षात राहिलेला फोन बाबांचा नाही, तुझा आहे. तू कधी स्वतःहून फोन करत नाहीस, बाबांच्याच फोनमध्ये मागून बोलतेस. १३ जानेवारी २०२४ ला, शनिवारी, तुझ्या नंबरवरून फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला की बाबांना काही झालं. तू म्हणालीस, "प्रभाताई गेल्या गं." मला एक क्षण कळेचना कोण प्रभाताई, मला वाटलं मिरजेच्या तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी, तर तू गायिका प्रभा अत्र्यांबद्दल बोलत होतीस. मग तू म्हणालीस ते मी त्याच दिवशी लिहून ठेवलंय. "एक्क्याण्णव वर्षांची बाई, आज मुंबईत गाणं होतं तिचं. आणि मी बघ. पंचविसाव्या वर्षी तंबोरा गवसणीत घातला."

आई, तू गाणं शिकायचीस हे मला माहीत होतं, पण ते "आईला गाण्याची आवड आहे" असल्या पद्धतीनं, म्हणजे लोक बायोडेटात लिहितात तसं. तू सहा वर्षं मिरजेला रीतसर किराणा घराण्याचं गाणं शिकलीस, तुझी बाई तुला पुण्याला सुरेशबाबूंच्या आणि हिराबाईंच्या शिष्यांकडे पाठवणार होती आणि मग लग्न ठरलं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, आणि तेही कुणीतरी गेलं म्हणून. त्या दिवशी तू मला अर्धा तास सांगत होतीस. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे, हिराबाई आणि सुरेशबाबू ही त्यांची मुलं, आणि प्रभाताई या दोघांकडे शिकलेल्या, म्हणजे हे सगळं फिरून परत आपल्या मिरजेलाच येतं. घरी ती एक कॅसेट होती, एका बाजूला मारूबिहाग आणि दुसऱ्या बाजूला कलावती, रविवारी केस धुवून तू गच्चीत बसायचीस तेव्हा लागायची. मला वाटायचं ते केस वाळवायचंच गाणं आहे. तू ऐकताना हाताची बोटं मोजल्यासारखी हलवायचीस ती मात्रा मोजत होतीस हे मला त्या शनिवारी कळलं, मी तोपर्यंत समजत होते की तू दूधवाल्याचा हिशेब करतेस.

आता वहीबद्दल. बाबा, रागावू नका, मी ती वही गणपतीत बघितली. मुद्दाम नाही, फुलवाती शोधत होते आणि तुमच्या खणात हात गेला. ऋषिपंचमीचा दिवस होता, २८ ऑगस्ट, आणि दुपारी बाळ कर्व्यांची बातमी आली होती. या वेळी मी सांगलीतच असल्यामुळे तुम्हाला फोन करता आला नाही, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "कळलं का गं? गुंड्याभाऊ गेले." फोनवर तुमचा फक्त आवाज येतो, तो कोरडाच असतो, बँकेत कुणी व्हाउचर पास करावं तसा. तोंड मी पहिल्यांदाच बघितलं. आणि मग तुम्ही खणातून वही काढून लिहायला बसलात आणि मी आमटी ढवळत राहिले.

वहीत नाव, तारीख, वय आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनानं एक आकडा. मला आधी कळेना हा काय हिशेब. लतादीदी, अधिक १९. प्रभा अत्रे, अधिक १६. अमीन सयानी, अधिक १६. झाकीर हुसेन, उणे ३. अतुल परचुरे, उणे १९. बाळ कर्वे, अधिक १८. मी उभ्याउभ्याच आकडे लावून बघितले आणि लक्षात आलं की हे त्यांचं वय वजा तुमचं वय आहे. बाबा, अहो पस्तीस वर्षं लेजर लिहिलंत ना, अजून किती लिहाल!

मी तुम्हाला विचारलं नाही. फुलवाती घेतल्या, खण बंद केला. पण रात्री आरतीनंतर तुम्ही आपणहून चिमणराव-गुंड्याभाऊबद्दल जे सांगायला लागलात तसं मी तुम्हाला बोलताना कधी बघितलं नाही. ७७-७८ साल, तुम्ही फोर्टमधल्या ब्रांचला, गिरगावातल्या चाळीत कॉट बेसिसवर राहायचात, आणि मजल्यावर एकाच बिऱ्हाडात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. तीस-पस्तीस माणसं दारापासून गॅलरीपर्यंत, त्या घरच्या काकू कुणाला नाही म्हणायच्या नाहीत, आणि प्रभावळकरांचा तो भित्रा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा आडदांड गुंड्याभाऊ बघून माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसायची. मुंबईत तुमचं कुणीच नव्हतं, आणि आठवड्यातून तेवढा अर्धा तास तुम्हाला वाटायचं की आहे. हे तुम्ही म्हणालात. सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसानं हे आपल्या मुलीला पहिल्यांदा सांगावं आणि त्यासाठी गुंड्याभाऊंनी जावं लागावं, हे काही मला पटलेलं नाही.

तो पंधरवडाच वाईट होता म्हणा. १६ ऑगस्टला ज्योती चांदेकर, आईच्या सीरियलमधली पूर्णा आजी, त्या दिवशी आई जेवलीच नाही नीट आणि वर म्हणते कशी, "सीरियल आता कशी चालवतील." दोन दिवसांनी अच्युत पोतदार. मग बाळ कर्वे. आणि ३१ ला, गौरी यायच्या दिवशी, प्रिया मराठे. ३८ वर्षं. बाबांनी आईला ती बातमी गौरी बसेपर्यंत सांगितलीच नाही, आणि माझ्या मोबाईलवर आली होती ती मीपण दाबून ठेवली, आम्ही दोघं एकमेकांपासून लपवत होतो आणि दोघांनाही माहीत होतं. रात्री मी परत खण उघडला (हो, या वेळी मुद्दाम). उणे ३९ लिहिलं होतं आणि त्यावर पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर उठलं होतं.

तुम्ही वजाबाकी करता तशी मीपण करते, बाबा. अतुल परचुरे ५७ व्या वर्षी गेले तेव्हा मी पहिल्यांदा केली, माझ्यापेक्षा तेरा-चौदाच वर्षांनी मोठे. त्यांनी "व्यक्ती आणि वल्ली" मध्ये पुलंचं काम केलं होतं आणि पुलं आपल्या घरात देवाच्या खालोखाल, त्यामुळे मला ते कायम कुणीतरी वडीलधारेच वाटायचे. वय बघितलं आणि बसलेच.

आणि एक कबुली देते. जुलै २०२३ पासून मी तुमच्या मागे लागलेय की रोज सकाळी आठच्या आत मला गुड मॉर्निंग पाठवायचं, नुसतं फूल पाठवा, पण पाठवा. बाबांना वाटतं मला व्हॉट्सॲपचं वेड लागलंय आणि आईला वाटतं मी एकटी पडलेय. ते दोन्ही नाही. तेव्हा रवींद्र महाजनी गेले. तळेगावच्या फ्लॅटमध्ये एकटे होते आणि लोकांना कळलं तेव्हा दोन-तीन दिवस होऊन गेले होते. तो इतका देखणा माणूस गं आई, तू तर "मुंबईचा फौजदार" तीनदा बघितला होतास. मी बातमी वाचली आणि तसाच तुम्हाला फोन लावला, तुम्ही उचलला नाही कारण तुम्ही भाजी आणायला गेला होतात. ती चाळीस मिनिटं मी कशी काढली ते तुम्हाला सांगत नाही. दुसऱ्या दिवसापासून फुलं सुरू झाली. तेव्हा ती फुलं बंद करू नका, बाबांना कितीही बावळटपणा वाटला तरी.

पण मला खरी तक्रार दुसरीच आहे. सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघं थिएटरला जाऊन "दशावतार" बघून आलात. एक्क्याऐंशीव्या वर्षी प्रभावळकर त्या सिनेमात काय काय करतायत, तुमचा चिमणराव! मला तुम्ही फोनच केला नाहीत. मला ते महिन्याभरानं कळलं, तेही आईच्या गुडघ्याचा विषय निघाला म्हणून, की थिएटरच्या पायऱ्या चढताना दुखला. म्हणजे गुंड्याभाऊ गेले तर लगेच दारात येऊन उभे, आणि चिमणराव पडदा गाजवतोय तर कळवायचं नाही? पडद्यावरची खाष्ट सासू, दया डोंगरे, या महिन्याच्या ३ तारखेला गेल्या तेव्हा आईनं सांगितलं की आजीला ती मनातल्या मनात दया डोंगरे म्हणायची. एवढी भारी गोष्ट चाळीस वर्षं दाबून ठेवलीस तू! हे आजी असताना नसतं सांगता आलं हे मान्य, पण गेली पंधरा वर्षं काय हरकत होती?

म्हणून मी एक केलंय आणि विचारून केलेलं नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव आहे. तिघांची तिकिटं काढलीत, खुर्चीचीच, बाबांनी भारतीय बैठकीचा हट्ट धरायचा नाही, मांडी घालून बसाल आणि उठवायला मला दोन स्वयंसेवक शोधावे लागतील. आई, स्वेटर आणि कानटोपी दोन्ही आण, मुकुंदनगरच्या मैदानात रात्री गारठा असतो. बीपीच्या गोळ्या पाच दिवसांच्या मोजून. प्रभाताई बरीच वर्षं सवाईचा समारोप करायच्या असं तूच सांगितलंस, आता कोण करतं ते बघू, आणि तू बोटं मोजायला लागलीस की मला शिकवायचं, मला अजून समच कळत नाही.

तिथून मी तुमच्याबरोबर सांगलीला येणार आहे, आठवडाभर सुट्टी टाकलीय. कपाटावरचा तंबोरा काढून मिरजेला सतारमेकर गल्लीत न्यायचा, तारा घालून जवारी काढून घ्यायची. आई आत्ताच म्हणणार, "आता काय त्याचं, गळा कुठे राहिलाय." नसू दे राहिला. बाबांनी नुसता वाजताना ऐकला नाहीये तो कधी, लग्नात गवसणीसकटच आला ना घरी.

बाबा, वही पुण्याला आणली तरी माझी हरकत नाही. पण मला फोन मात्र जरा दुसऱ्या कारणानं पण करा. ८ डिसेंबरला धर्मेंद्रला ९० पूर्ण होतायत, मी बघून ठेवलंय. त्या दिवशी सकाळी करा, फुलाच्या ऐवजी. "कळलं का गं?" म्हणून.

तुमची,
सोनी