झेरॉक्स म्हणे!

चिनू,

"मी बाबांचीच झेरॉक्स आहे, मला पण व्हायचं तेव्हा होईल, टेस्ट करून काय फायदा" असं म्हणून तू फोन ठेवून दिला, तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलं. बाबा ठीक आहेत. हृदयाच्या नसेत स्टेंट टाकला तरी वरणात मीठ कमी म्हणून कुरकुर चालू आहे, म्हणजे बरेच आहेत समज. तू लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, कधी करतो ते सांग.

आणि झेरॉक्स काय असते ते माझ्याकडून ऐक, आयुष्यभर अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवली मी. परवा गच्चीवरच्या मोगऱ्याची कुंडी उकरली तर वाळा निघाला, ललिताकाकू गांडूळ समजून फेकायला निघाल्या होत्या. बिचारा बिनविषारी साप, आणि त्यात सगळ्या माद्याच. क्रोमोसोमचे दोनऐवजी तीन संच, अंड्याला नर लागतच नाही, पोरी थेट आईच्या छापाच्या. कुंड्यांच्या मातीतून तो अमेरिकेपर्यंत गेला, कारण एक मादी पोचली तरी पुरतं. याला अनिषेकजनन म्हणतात, तुला बारावीत होतं, विसरला असशील.

हिशोबाने पाहिलं तर हेच परवडतं. नर काही अंडी घालत नाही, मग नुसत्या माद्यांचा वंश दुप्पट वेगाने वाढायला हवा. १९७० च्या दशकात मेनार्ड स्मिथ या शास्त्रज्ञाने हाच प्रश्न लावून धरला, की मग निसर्गाने नर ठेवले कशाला? अजूनही वाद आहे त्यावर. मला विचारशील तर काटोलला मामाच्या बागेत जाऊन पाहा. वर संत्र्याचा डोळा भरून कलम केलेलं, ती तर कॉपीच. खाली जंबेरी लिंबाचा खुंट, तो बी पेरून केलेला, पण तोही बहुतेक कॉपीच, कारण जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं फुटतात आणि त्यातली बरीचशी आईच्याच पेशींपासून झालेली असतात. परागातून झालेलं एखादं वेगळं दिसतं, ते नर्सरीवाले उपटून टाकतात. सगळी झाडं एकसारखी म्हणून बाग छान दिसते, आणि डिंक्या रोग शिरला की ओळीच्या ओळी जातात, मामाचं काय झालं तुला माहीत आहे. थंड देशातली मावा कीड त्यापेक्षा हुशार बाप्पा, उन्हाळाभर माद्या नराशिवाय पिल्लं देत राहतात आणि थंडीच्या तोंडावर नर काढतात, म्हणजे पुढची पिल्लं सगळी एकसारखी नसतात.

लेक्चर झालं, सॉरी. सवय आहे.

पण आपल्यात असं झेरॉक्स पोर होतच नाही रे. सस्तन प्राण्यांत काही जीन्स आईकडून आल्या तरच चालू राहतात, काही बापाकडून आल्या तरच. २००४ मध्ये जपानात दोन आयांपासून उंदरीण जन्माला घातली, तीसुद्धा जीन्समध्ये फेरफार करून. तू निम्मा माझा आहेस, आणि माझ्या आईचं हृदय अजून ठणठणीत आहे. पाचवीत तू पानफुटीचं पान वहीत ठेवलं होतं, कडेकडेने इवली रोपं फुटली, तर ती वही कोणाला बंदच करू देईना, मुळं चेंगरतात म्हणून. बाबांनी गृहपाठाला दुसरी वही आणून दिली. इतक्या हळव्या पोराने स्वतःच्या छातीबद्दल असं बोलावं?

निम्मा माझा म्हणून सुटला असंही नाही. बाबांचं निम्मं आलंच आहे, त्यात आजोबांचं ते हृदयाचं दुखणं आलं की नाही हे चेहऱ्यावरून नाही कळत. आजोबा पन्नाशीत गेले तेव्हा कोणी टेस्ट करतच नव्हतं. तुझ्या ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये फुकट आहे, तूच म्हणाला होतास. मला भीती वाटते, बस. नोकरी, प्रमोशन, नवीन गाडी, सगळ्या कॉलनीला सांगून झालं माझं, पण रात्री बारा वाजता बाहेरचं मागवून खातो ते नाही सांगत मी कोणाला.

शनिवारी सकाळी उपाशीपोटी जा, चहासुद्धा नको. ईसीजी पण काढून घे. रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नको, बाबा गुगल करत बसतात. मला पाठव.

आई