तात्यानू, बाबांच्या हातात परत रॉड दिलीत त्याबद्दल

तात्यानू, फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या होडीतून मासे गरवायला आम्हाला शनिवार-रविवार हवा होता, सुट्टीचा हिशोब दुसरं काय, पण तुम्ही बाबांच्या हाताचं सगळं विचारून घेतलंत आणि म्हणालात, "पुनवेक उधाण आसा, पाणी वडता. तेंच्या हाताक भांगाचा पाणी बरा, अष्टमीक येवा." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी, हे मला नंतर कळलं. 1 जूनपासून दोन महिने मासेमारीला बंदी, म्हणजे तुमच्याकडे सगळ्यांची घाई, त्यात आमच्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवलेत. मला तेव्हा कळलंच नव्हतं की तारीख बदलणं हीच अर्धी मदत होती.

बाबा लहानपणी आचऱ्याच्या खाडीत गरी टाकायचे. मग मुंबई, नोकरी, आणि दोन वर्षांपूर्वी लकवा. उजव्या मुठीत जोर राहिला नाही. तेव्हापासून घरात सगळे त्यांच्याशी जरा मोठ्याने आणि हळूहळू बोलतो, मीसुद्धा. रस्ता संपला तिथून तुमच्या होडीत बसताना मी त्यांचा दंड धरून होते, तुम्ही नुसता खांदा पुढे केलात आणि ते स्वतःच चढले.

कर्ली खाडीत आत, कांदळाच्या मुळांपाशी होडी लावलीत आणि रीलचं हँडल काढून डाव्या बाजूला बसवलंत, रॉड त्यांच्या उजव्या कोपराखाली घेऊन पंच्याने बांधलीत, एका हिसक्यात सुटेल अशी गाठ. जिवंत कोळंबी मात्र त्यांनाच लावायला दिलीत. पाच मिनिटं लागली, दोन कोळंब्या पाण्यात गेल्या, माझा हात सारखा पुढे जात होता आणि तुम्ही मानेनेच नाही म्हणत होतात. पहिला शेंगाळा, मग किलोभराची तांबोशी, मग दीड तास काहीच नाही. मी म्हटलं ऊन चढतंय, जाऊया. तुम्ही बाबांकडे बघितलंत. बाबा म्हणाले, पाणी फिरू दे.

पाणी फिरलं आणि रॉड वाकली. वीस मिनिटं तरी झाली असतील, रील करकरत होतं, बाबा घामाने भिजलेले, आणि तुम्ही फक्त होडी फिरवत राहिलात, रॉडला एकदाही हात लावला नाहीत. दहाएक किलोची चोणक! तुम्ही सांगितलंत की चोणक लहानपणी नर असते आणि मोठी झाली की मादी होते, एवढी मोठी म्हणजे मादीच असणार, पावसात खाडीच्या तोंडाशी जाऊन अंडी घालणार. आणि मग मला नाही, त्यांना विचारलंत, "अण्णानू, तुमी बोला. ठेवया की सोडया?"

बाबांनी तिला पाण्यातच धरलं, डाव्या हाताने, तोंड प्रवाहाकडे करून, शेपटी मारेपर्यंत. फोटो काढायचं मला सुचलंच नाही.

काकींना सांगा, तांबोशीच्या कढीची चव अजून जिभेवर आहे. बाबा रोज सकाळी कोळंबी लावायची प्रॅक्टिस करतात, खोडरबराच्या तुकड्यावर. पाऊस संपला की भांगाची तारीख कळवा. ह्या वेळी शनिवार नाही मागणार.

तुमची,
अण्णांची मुलगी