मोहफुलाला मुद्देमाल म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मद्याच्या इतिहासावरचा लेख मी दोनदा वाचला. सुमेरची बिअर, ग्रीकांची द्राक्षं, युरोपातल्या मठांतली पिंपं, सगळं त्यात आलं. त्याच अंकात आतल्या पानावर आमच्या जिल्ह्याची चार ओळींची बातमी होती: जंगलात लपवून ठेवलेला मोहसडवा (दारू गाळण्यासाठी भिजवून आंबवलेली मोहफुलं) पोलिसांनी नष्ट केला. लेखात मोहाचं नाव कुठेच नव्हतं, आणि बातमीत ते फक्त मुद्देमाल म्हणून होतं. हे मनाला लागलं, म्हणून लिहिते आहे.

मी कुरखेडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं शिकवलं. मी दारूबंदीच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, त्याआधीच्या मोर्चांत मी लेकरू कडेवर घेऊन चालले आहे. माझे थोरले दीर दारूनं गेले. ती दारू मोहाची नव्हती. परवाना असलेल्या दुकानातून आणलेली, सीलबंद बाटलीतली होती. पगाराच्या दिवशी सुरू व्हायची आणि पैसे संपले की उधारीवर चालायची. जाऊबाईंच्या हातातल्या पाटल्या त्या उधारीत गेल्या.

माझी पहिली शाळा एका पाड्यासारख्या लहान गावात होती. होळी झाली की पटावर २८ पोरं आणि वर्गात सहा-सात. पहिल्या वर्षी मी चिडले, घरोघर फिरले. एका आजीनं मला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि म्हणाली, “बाई, शाळा तं सालभर हाये, मोह वीस दिवसाचा. उद्या माह्यासंग चाल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला तिच्यामागून निघाले. एकटंदुकटं जायचं नाही, कारण मोहासाठी अस्वलही येतं. झाडाखाली पोचलो तर अंधारात नुसता टपटप आवाज. फुलं वरून गळत होती. टॉर्चच्या उजेडात जमीन पिवळसर पांढरी दिसत होती. द्राक्षाएवढं मांसल फूल, आतून पोकळ, बोटांत धरलं की चिकट. लांबून वास गोड येतो, जवळ गेलं की डोक्यात चढतो, आणि दोनदा धुतल्यावरही लुगड्यातून जात नाही. माझ्या वर्गातल्या मुली तिथेच होत्या, टोपल्या घेऊन वाकलेल्या. कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात ठरलेलं असतं. कागदावर कुठेच नसतं, पण दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली लावत नाही. उन्हं चढेपर्यंत वेचणं, मग सारवलेल्या अंगणात तीन-चार दिवस वाळवण. वाळलेलं फूल मनुक्यासारखं तांबूस होतं. पुढच्या वर्षीपासून त्या वीस दिवसांत मी शाळा उन्हं चढल्यावर भरवायला लागले. वरिष्ठांना कळवलं नाही, पण हजेरी पूर्ण लागायची.

त्या फुलांचं पुढे काय व्हायचं तेही बघितलं. बरीचशी आठवडी बाजारात जायची, त्यातून मीठ, मिरची, पोरांचे कपडे यायचे. काही कणगीत राहायची. पावसाळ्यात घरातलं धान्य सरलं की ती उकडून खायची. तिळासोबत कुटून लाडू व्हायचे, थकल्या बैलालाही मूठभर मिळायची. उरलेल्यातली थोडी मडक्यात भिजत पडायची. पाचसहा दिवसांनी फसफस थांबली की भट्टी लागायची, लग्नाच्या, बारशाच्या किंवा मयताच्या आधी. पिण्याआधी पहिले थेंब जमिनीवर सोडायचे, गेलेल्यांच्या नावानं. आपण सहज ‘पहिल्या धारेची’ म्हणून जातो. तिथे पहिल्यांदा धार लागते ती पितरांना. त्या आजीनं हे थेंब सोडताना डोक्यावर पदर घेतलेला मला अजून दिसतो. याचा अर्थ तिथे सगळं सोवळं होतं असं मी म्हणत नाही. प्यायलेल्या नवऱ्यानं मारलेल्या बायका मी त्याही गावात पाहिल्या, एकीला तर बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं आहे. पण पिण्याला दिवस होता आणि निमित्त होतं, आणि फुलं संपली की ते आपोआप थांबायचं.

हे बदललं कसं, ते आपल्या लेखात यायला हवं होतं. दारूवर राजाची नजर जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुराध्यक्ष’ नावाचा अधिकारीच आहे. तरी त्याच ग्रंथात उत्सव आणि यात्रेच्या वेळी चार दिवस मोकळीक दिलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कडक कारभाराला एवढं कळत होतं की लोकांचा सण म्हणजे दुकान नव्हे. इंग्रजांनी ती मोकळीकही ठेवली नाही. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. घरची भट्टी गुन्हा ठरली, गाळण्याचे आणि विकण्याचे मक्ते कंत्राटदारांना मिळाले, कर चढत गेला. उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जायची, तिचा महसूल सरकारला चालत होता. झोपडीतला मोह तेवढा चालत नव्हता. जंगलातली भट्टी सापडेना, तेव्हा फुलालाच धरलं: १८९२ च्या मोहरा (म्हणजे मोहाच्या) कायद्यानं ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहफुलं बाळगण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर निर्बंध आले. ज्या फुलावर गरिबाचा पावसाळा निघायचा, ते घरात ठेवायला सरकारची परवानगी! आमची गडचिरोली तेव्हा चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात होती, आणि तो जिल्हा मध्य प्रांतात, तिथले नियम वेगळे. तिथे भट्टीचे लिलाव व्हायचे. ज्यानं लिलावात पैसे ओतले तो ते कुणाकडून वसूल करणार?

मला वाटतं, दारूच्या इतिहासातली आपल्याकडची मोठी उलथापालथ ही आहे. अंगणातली वस्तू दुकानात गेली, आणि सणाची वस्तू रोजची झाली. ज्यानं कधी दारूसाठी पैसा मोजला नव्हता तो रोख मोजू लागला, रोख नसली की सावकाराकडे जाऊ लागला. हे शहरातही दिसत होतं. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. गावात वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध त्यांनी १८८० साली नगरपालिकेला पत्र लिहिलं. ज्या वर्षी महसूल वाढला म्हणून सरकार खूश, त्याच वर्षी मजुराच्या घरची चूल विझते, हे त्यांनी आधी पाहिलं.

आणि आदिवासींनीही पाहिलं. दारू त्यांच्या संस्कृतीत आहे म्हणून ते तिला चिकटून बसले, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी १९२२ चं देवीचं आंदोलन आठवावं. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांतून देवी अंगात येण्याची लाट निघाली, डोंगर चढून डांग आणि सुरत जिल्ह्यात पोचली. देवीनं सांगितलं, दारू-ताडी सोडा, आणि गावंच्या गावं सोडून बसली. गुत्तेवाल्यांकडे कामाला जाणंही अनेकांनी बंद केलं. कुणी शहरातून जाऊन शिकवलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यातल्या बायांच्या मोर्चांत मला हेच दिसलं: बाटली नको म्हणणारी बाई घरी जाऊन पितरांच्या नावानं थेंब सोडत होती, आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. मलाही वाटत नाही.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहतूक यांवरचे निर्बंध हटवले. चांगलं झालं, पण उशिरा झालं. पोतं घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला नाक्यावर अडवून “कुठे भट्टी लावतेस?” असं विचारताना मी स्वतः ऐकलं आहे. तिच्या पोत्यात माझ्या विद्यार्थिनीच्या वह्यांचे पैसे होते. त्या दिवशी ती बाजाराला न जाताच परत फिरली.

काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेली हातभट्टी पकडावी, तिची बातमीही छापावी. त्या दारूनं माणसं मरतात आणि ती विकणाऱ्याची गय नको. आमच्यासारख्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. गावातल्या बायका एकत्र बसल्या की कुठली भट्टी बंद व्हायला हवी हे बरोबर सांगतात. त्यांना विचारा. पण बातमीत ‘मोह’ हा शब्द फक्त सडव्याला आणि अटकेला जोडून येत राहिला, तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते दारूचं झाड वाटणार. माझ्या नातवाला, जो नागपुरात शिकतो, तसंच वाटत होतं. मी त्याला लाडू दिला, त्यानं आधी वास घेऊन पाहिला.

आपल्या लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं खाली छापलं आहे. त्यासाठी एक वार्ताहर होळीनंतर आमच्याकडे पाठवावा, ही विनंती. झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची जुनी पद्धत होती, त्यानं जंगलात वणवे लागायचे. आता काही गावांत झाडाखाली जुनी लुगडी आणि जाळ्या अंथरतात, तेही बघता येईल. मुक्काम माझ्या घरी. पहाटे चारला निघावं लागेल, पायात बूट असावेत आणि सोबत टॉर्च. टोपली मी देईन.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली