विनोदवीराच्या बालपणाची कार्टून मालिका : सुरुवात आवाजापासून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांच्या वाहिन्यांविषयीच्या लेखात एक सूचना होती. अमेरिकेत विनोदी नटांच्या बालपणावर कार्टून मालिका निघाल्या, तशी एखाद्या मराठी विनोदवीरावर का निघू नये? सूचना चांगलीच आहे. मात्र किस्से तयार आहेत, आता चित्रे काढायची तेवढी बाकी, हा लेखातला सूर पटण्यासारखा नाही.

अमेरिकी विनोदवीर लुई अँडरसनच्या बालपणावरची 'लाइफ विथ लुई' ही कार्टून मालिका घ्या. लुई अँडरसन १९५३ चा, मिनेसोटातल्या सेंट पॉलचा, अकरा भावंडांतला. वडील ट्रंपेट वाजवत आणि दारूच्या आहारी गेलेले. १९८९ मध्ये त्याने दिवंगत वडिलांना लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक काढले, त्यात ही सगळी कडू बाजू आहे. १९९४ च्या डिसेंबरात फॉक्स या अमेरिकी वाहिनीवर नाताळचा विशेष भाग आला आणि पुढच्या वर्षी मालिका सुरू झाली, तेव्हा घर विस्कॉन्सिनमधल्या सीडर नॉल या काल्पनिक गावात गेले होते आणि दारू पार गायब होती. पण बापाचा आरडाओरडा तसाच राहिला. फक्त त्याला नवी कारणे मिळाली: महायुद्धातल्या बढाया, पैशाचा चिकटपणा, जुनी रॅम्बलर गाडी, आणि पोरावरची माया बोलून दाखवता न येणे. बापाला नुसता गोड करून टाकला असता, तर मालिकेत हसण्यासारखे उरले नसते. गाव काल्पनिक घेण्याचा व्यवहारी फायदाही मोठा. शेजारी, मास्तर, दुकानदार ही पात्रे दोन-तीन माणसे मिसळून करता येतात आणि 'हे माझ्यावरच आहे' म्हणून कोणी दारात येत नाही. सख्ख्या नातेवाइकांची लेखी संमती मात्र आधीच घ्यावी. दहा भाग तयार झाल्यावर मागायला गेलात, तर अडवणूक ठरलेली.

आता मुख्य मुद्दा. या मालिकेत लहान लुई आणि त्याचा बाप अँडी, दोघांचेही आवाज अँडरसनचेच. (आई ओराचा आवाज एडी मॅक्लर्गचा.) १९९७ आणि १९९८ अशी सलग दोन वर्षे अँडरसनला कार्टूनमधल्या आवाजासाठी डेटाइम एमी (दिवसा दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठीचा अमेरिकी दूरचित्रवाणी पुरस्कार) मिळाली. हॉवी मँडेल या दुसऱ्या विनोदवीरानेही १९९० पासून 'बॉबीज वर्ल्ड'मध्ये चिमुकला बॉबी आणि त्याचे वडील असे दोन्ही आवाज दिले. बॉबीचा आवाज तर तो आधीपासून रंगमंचावर काढत असे. मोठा झालेला मुलगा बापाच्या गळ्यातून बोलतो, म्हणून बाप कितीही डाफरला तरी त्यात द्वेष येत नाही. डबिंगमध्ये या दोन भूमिका दोन कलाकारांना वाटून दिल्या की बाप नुसता खेकसणारा होतो. मराठीत काही करायचे असेल, तर विनोदवीराला हे दोन आवाज काढता येतात का, हे सर्वांत आधी तपासावे.

ध्वनिमुद्रणाचाही क्रम असतो. मुलाची वाक्ये आधी घ्यावीत, गळा ताजा असताना; ओरडण्याची वाक्ये अगदी शेवटी, कारण त्यानंतर बारीक आवाज लागत नाही. एकाच टेकमध्ये दोन्ही पात्रे म्हणून घेऊ नयेत. तसे केले की दोघे कधीच एकमेकांचे वाक्य तोडत नाहीत आणि भांडण टेबल टेनिससारखे वाटू लागते. दुसऱ्या पात्राची वाक्ये म्हणायला समोर कोणीतरी हवे, आणि प्रत्येक पात्र वेगळ्या ट्रॅकवर हवे.

यानंतरची चूक सर्वांत महाग पडते. रंगमंचावरचा विनोद थांबण्यावर चालतो. अँडरसनचा तर संथपणा हाच हुकमी पत्ता. कार्टूनमध्ये तो थांबा एक्सपोजर शीटवर (कोणते चित्र किती वेळ दिसायचे, याचा तक्ता) फ्रेममध्ये लिहावा लागतो: सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दीड सेकंदाच्या शांततेला ३६. तिथे 'होल्ड' (म्हणजे चित्र तसेच स्थिर ठेवा) आणि एखादी पापणीची उघडझाप असे स्पष्ट लिहिले नाही, तर दुसऱ्या शहरात काम करणारा ॲनिमेटर, रिकामी जागा दिसली म्हणून हात हलवतो, मान वळवतो. चित्र सुंदर येते, विनोद मरतो. मग रीटेक.

खर्चाचा अंदाज यावा म्हणून: जाहिराती वगळून २२ मिनिटांच्या भागात ३१,६८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरले तरी १५,८४० चित्रे. म्हणूनच १९७२ मध्ये सीबीएस वाहिनीवर आलेल्या 'फॅट अल्बर्ट अँड द कॉस्बी किड्स'साठी फिल्मेशन कंपनी चालण्या-पळण्याची तीच चित्रे पुन्हापुन्हा वापरायची. विनोदवीर बिल कॉस्बीच्या फिलाडेल्फियातल्या बालमित्रांवरची ती मालिका त्यामुळे डोळ्यांना खडबडीत दिसते. आवाज आणि संवाद पक्के असल्याने चालली. कॉस्बीला २०१८ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरवले गेले, २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. पण त्याचे नाव मालिकेच्या शीर्षकातच आहे आणि ते वेगळे काढता येत नाही. करार करताना याचाही विचार हवा.

किश्शांबद्दल थोडे. मंचावरच्या चार मिनिटांच्या किश्शात एकच कलाटणी असते आणि हसतो तो मोठा माणूस, मागे वळून. सहा वर्षांच्या प्रेक्षकाला तो उपरोध कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की या पोराला काहीतरी हवे आहे आणि ते मिळत नाही. प्रत्येक किश्शातून ती हवीशी वस्तू शोधावी, मधल्या जाहिरातीच्या आधी ती हातची जावी, आणि सोबत भावाचा किंवा आजीचा दुसरा धागा ठेवावा. एवढे करूनही पाच-सहा भागांत खरे किस्से संपतात. 'बॉबीज वर्ल्ड'ने त्यावर सरळ तोड काढली: घटना मुळात किरकोळच, मोठ्यांचे बोलणे बॉबी शब्दशः घेतो आणि भाग त्याच्या कल्पनेत घडतो.

तेव्हा निर्मात्यांनी पात्रांची रंगीत चित्रे छापण्याआधी दोन मिनिटांचा एकच प्रसंग ध्वनिमुद्रित करावा, पेन्सिलीची कच्ची चित्रे त्या आवाजावर लावून त्याचे ॲनिमॅटिक (कच्चा चित्रपट) करावे आणि ते पहिली-दुसरीच्या वर्गात काही न सांगता दाखवावे. पोरे कुठे हसली त्याची वेळ सेकंदांत लिहून ठेवावी, आणि चुळबुळ कुठे सुरू झाली त्याचीही.

आपला,
ॲनिमेशनची पटकथा शिकवणारा एक वाचक, पुणे