सांभार कितीला?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना,
साष्टांग नमस्कार.

साताऱ्याहून नागपुरात मनीषनगरला राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. भाजीच्या ठेल्यावर मी कोथिंबीर मागत होते आणि ठेलेवाला "काय पायजे?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होता. मागून तुमचा आवाज आला, "काय शोधून राहिली वं? सांभार म्हण ना!" माझ्या डोळ्यांपुढे इडलीसोबतची वाटी आली. तुम्ही ओलं पोतं बाजूला सारून जुडी उचललीत, देठ मोडून वास घेतलात, ती परत ठेवून दुसरी माझ्या हातात दिलीत. वर चार हिरव्या मिरच्या फुकट टाकायला लावल्यात, ते वेगळंच. घरी येताना शेंगदाण्यांना इथे फल्लीदाणे म्हणतात, हेही कळलं.

तुम्हाला न विचारता एकदाच बाजाराला गेले. बाजाराचं नावच इतवारी आहे तर रविवारीच जावं, या हिशोबानं! निम्म्याहून जास्त शटरं खाली. तुम्ही पोट धरून हसलात आणि सोमवारी स्वतः सोबत आलात. जयप्रकाशनगरहून मेट्रोनं सीताबर्डीला उतरायचं, बर्डीत कपड्यांचा पहिला भाव कधी मान्य करायचा नाही, हेही तुमचंच शिक्षण. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीतल्या हंगामाची, संत्री संपत आली तेव्हा मी डझनभर घ्यायला निघाले, तर म्हणालात, "थांब जरा, फेब्रुवारीत मृगाची येते, ती खाऊन पाय." खाल्ली. बरोबर होतात.

कूलरची खस मार्चमध्येच बदलायला लावलीत, नाहीतर 45 अंशांत आमचं भरीत झालं असतं. उन्हाळ्यात पोराला बाहेर न्यायचं ते सूर्य कलल्यावर, अंबाझरी नाहीतर फुटाळ्याच्या काठी. थंडीत मात्र सकाळचं महाराजबाग. त्याचं सगळ्यात आवडतं धरमपेठेचं ट्रॅफिक पार्क. तिथले छोटे सिग्नल पाहून आल्यापासून तो बाबांना भर रस्त्यात नियम शिकवतो, त्याचा दोष तुमचाच.

मागच्या महिन्यात माहेरी गेले होते. मंडईत सवयीनं विचारलं, "सांभार कितीला?" भाजीवाली म्हणाली, "ताई, ते हॉटेलात मिळंल." आई अजून हसते आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सातारकरीण